जुन्या पिनबॉल मशीनचा आवाज गेला, फाटला किंवा घुमू लागला तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गॉटलिब, बॅली आणि विल्यम्स ही पिनबॉलमधली तीनही मोठी नावं शिकागोची. मी त्याच शहराच्या उपनगरात राहते. तळघरात विल्यम्सचं १९७९ सालचं ‘गॉर्गार’ आणि त्याच्याही आधीच्या काळातलं एक चाइमचं, म्हणजे धातूच्या पट्ट्या वाजवणारं, मशीन आहे. ओळखीतल्या मराठी घरांमध्ये कुणी जुनं मशीन विकत घेतलं की पहिला फोन बहुतेक वेळा आवाजाबद्दलच येतो. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझा अनुभव एका वाक्यात सांगते: आधी नीट ऐका, मग झाकण उघडा. मशीन कसं गप्प आहे किंवा कसं कण्हतंय, यावरून अर्धं निदान होतं.

मशीन चालू होतं, दिवे लागतात, पण आवाज अजिबात नाही. बिघडलंय का?

आधी नाणं टाकून किंवा क्रेडिट देऊन खेळ सुरू करा. जुनी बरीच मशीनं कुणी खेळत नसताना गप्पच असतात, दिवे फिरत राहतात आणि आवाज येत नाही. खेळ सुरू करूनही काही ऐकू आलं नाही तर नाण्याचं दार उघडा आणि आतल्या बाजूला आवाज कमी-जास्त करायची खुंटी आहे का पाहा. आधीच्या मालकाने ती पूर्ण उलटी फिरवून ठेवलेली असते, असं मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलं आहे.

आमच्या मशीनमध्ये आवाज नेमका कशातून येतो, हे कसं ओळखायचं?

ढोबळ मानाने तीन पिढ्या आहेत. पहिली पिढी घंटा आणि चाइमची. त्यात सगळं यांत्रिक असतं, कॉइलमध्ये वीज आली की लोखंडी दांडा उडतो आणि धातूच्या पट्टीवर आपटतो. दुसरी पिढी १९७७च्या आसपासची. त्या मशीनांचा मेंदू इलेक्ट्रॉनिक झाला, तरी आवाज चाइमचाच राहिला. बॅलीचं १९७७चं ‘एट बॉल’ या प्रकारातलं. तिसऱ्या पिढीत स्वतंत्र साउंड बोर्ड आणि स्पीकर आले. विल्यम्सच्या ‘फ्लॅश’मध्ये १९७९ साली खेळभर मागे सतत चालणारा आवाज आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘गॉर्गार’ बोलू लागलं. त्याचा शब्दसंग्रह अवघा सात शब्दांचा. तेवढ्यातून ते खेळणाऱ्याला धमकावतं, आणि मागे हृदयाचे ठोके वाढत जातात.

कॅबिनेटच्या तळाशी डोकावून पाहा. स्पीकर दिसला तर तिसरी पिढी. तीन-चार पट्ट्यांची पेटी दिसली तर पहिली किंवा दुसरी.

हात घालण्याआधी कोणती काळजी घ्यायची?

हा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं, म्हणून मीच इथे घातला आहे.

मशीनचं बटण बंद केलं तरी कॅबिनेटच्या आत प्लगपासून बटणापर्यंतच्या तारांमध्ये घरातली वीज असतेच. त्यामुळे भिंतीतला प्लग काढूनच हात आत घाला. इलेक्ट्रॉनिक मशीनमध्ये गुण दाखवणाऱ्या नारिंगी काचेच्या डिस्प्लेंना जास्त व्होल्टेज लागतं. विल्यम्समध्ये अधिक १०० आणि उणे १०० व्होल्ट असतात, बॅलीमध्ये १७० ते १९० व्होल्टच्या आसपास. साउंड बोर्ड त्यांच्या शेजारीच वरच्या पेटीत बसवलेला असतो. मीटरची सळई घसरली तर नुसता झटका बसून भागत नाही, शेजारची चिपही जाते. चालू मशीनवर मोजमाप घेताना एक हात खिशात ठेवा. काळ्या सळईला चिमटा लावून ती जमिनीच्या (ग्राउंडच्या) जोडणीला अडकवा आणि फक्त लाल सळई हातात धरा.

दुसरं म्हणजे, मशीन चालू असताना कोणताही कनेक्टर काढू किंवा लावू नका.

चाइम वाजतो, पण खणखणीत नाही. ‘टण्ण’ऐवजी ‘थप्प’ येतो. का?

हा माझा सगळ्यात आवडता बिघाड. याला इलेक्ट्रॉनिक्सचं काहीच ज्ञान लागत नाही आणि दुरुस्त झाल्यावर मिळणारा आनंद मोठा असतो.

चाइमची पट्टी घुमायची असेल तर ती जवळजवळ अधांतरी हवी. म्हणून ती रबरी बुशांवर टेकवलेली असते. पन्नास वर्षांत ते रबर एक तर दगडासारखं कडक होतं, नाहीतर वितळून चिकट काळा लगदा होतं. दोन्ही वेळेला पट्टीचं घुमणं बुशातच मरतं. देवघरातली घंटा मुठीत घट्ट धरून वाजवून पाहा, तसाच आवाज येईल. जुने बुश काढा, पट्टी स्वच्छ पुसा, नवे बुश बसवा आणि स्क्रू फार आवळू नका. पट्टी बोटाने हलवली तर किंचित हलली पाहिजे.

तरीही थप्प येत असेल तर दांड्याकडे वळा. दांड्याच्या टोकाला नायलॉनची टोपी असते. ती फुटून पडली असेल तर लोखंड थेट पट्टीवर आदळतं आणि आवाज कर्कश येतो. टोपी शाबूत असून आवाज मुका येत असेल, तर बहुतेक वेळा दांडा पट्टीवर आपटून लगेच खाली यायच्या ऐवजी तिथेच टेकून राहतो. कुणीतरी कधी काळी कॉइलच्या नळीत तेल घातलेलं असतं, त्यात धूळ मिसळून गोंद झालेला असतो. नळी काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, दांडा स्पिरिटने पुसा आणि कोरडाच बसवा. कॉइलच्या नळीत तेल कधीही घालायचं नाही. शिवणयंत्राला तेल देणारी आपली पिढी इथे हमखास चुकते. माझ्या चाइमच्या मशीनमध्ये आधीच्या दुरुस्ताने तीनही नळ्यांमध्ये तेल ओतलं होतं, आणि ते खरवडून काढण्यात माझा एक पूर्ण शनिवार गेला.

तीनपैकी एकच चाइम मुका आहे.

प्लग काढा आणि त्या चाइमचा दांडा बोटाने वर ढकलून पाहा. मोकळा हलला आणि पट्टी वाजली, तर बिघाड विजेच्या बाजूला आहे. कॉइलच्या टोकाशी केसासारखी बारीक तार असते, ती जोडणीपाशी तुटलेली सापडते. तिथल्या तारेवरचं लॅकर खरवडून पुन्हा सोल्डर करता येतं.

कॉइल ठीक असेल तर तिला वीज पोचवणारे स्विच पाहा. जुन्या यांत्रिक मशीनमध्ये प्रत्येक चाइम ठरावीक गुणांशी बांधलेला असतो: दहाचा एक, शंभराचा एक, हजाराचा एक. शंभराची चाकं फिरतात पण चाइम वाजत नाही, अशी स्थिती असेल तर त्याच साखळीतला एखादा संपर्क काळा पडला आहे. या मशीनांमधले संपर्क बारीक कानसपट्टीने हलकेच घासले तरी चालतात. इलेक्ट्रॉनिक मशीनमधल्या प्लेफिल्डच्या, म्हणजे चेंडू फिरतो त्या फळ्याच्या, स्विचवर मात्र कानस लावू नका. त्यावर सोन्याचा अगदी पातळ मुलामा असतो. स्वच्छ जाड कागदाची पट्टी संपर्कांच्या मध्ये धरून ओढा, तेवढं पुरतं.

चाइमच्या कॉइलमधून जळका वास येतोय.

ताबडतोब प्लग काढा. पुढचं निदान मशीन बंद ठेवूनच करायचं. कॉइलला क्षणभर वीज मिळावी अशीच तिची रचना असते. यांत्रिक मशीनमध्ये चिकटलेला स्विच आणि इलेक्ट्रॉनिकमध्ये शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर तिला सतत वीज देत राहतो. नुसती नवी कॉइल बसवली तर तीही जळेल.

फुकट खेळ मिळाला की येणारा तो ‘ठक्क’ आवाज येत नाही.

तो नॉकर. तो साउंड बोर्डातून येत नाही, लाकडावर किंवा धातूच्या पट्टीवर आपटणारी एक वेगळी कॉइल असते. बऱ्याच घरांत मुलं झोपतात म्हणून त्याची तार मुद्दाम काढलेली असते. आधी ती शोधा.

इलेक्ट्रॉनिक मशीन आहे, खेळ सुरू केला, खुंटी फिरवली, तरी पूर्ण शांतता. कुठून सुरुवात करू?

शेवटापासून, म्हणजे स्पीकरपासून. मशीन बंद करून स्पीकरची एक तार सोडवा आणि दीड व्होल्टची साधी बॅटरी त्याच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. ‘टक्’ असा आवाज आला आणि कागद हलला, तर स्पीकर जिवंत आहे. मीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो आणि ४ ओहमचा ३ ते साडेतीनच्या आसपास. अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटली आहे.

मग आवाजाची खुंटी. ती फिरवताना मीटरवरचा आकडा सलग बदलला पाहिजे. मधेच उडी मारत असेल किंवा अनंत होत असेल तर खुंटी गेली. खुंटीपासून बोर्डापर्यंतची तार नाण्याच्या दाराजवळून जाते आणि दार उघड-बंद करताना चिमटीत सापडून तुटते, हेही लक्षात ठेवा.

त्यानंतर फ्यूज. डोळ्यांनी पाहून ठरवू नका, काढून मीटरने तपासा. चांगला दिसणारा फ्यूज आतून तुटलेला असू शकतो, आणि क्लिपा सैल पडल्या असतील तर चांगला फ्यूजही वीज देत नाही.

हे तिन्ही ठीक निघालं, तर साउंड बोर्डावरचे व्होल्टेज मोजा. त्या काळच्या विल्यम्स साउंड बोर्डाला तीन प्रकारची वीज लागते: चिपांसाठी अधिक ५, अँप्लिफायरसाठी अधिक १२च्या आसपास, आणि उणे १२च्या आसपास. ५ व्होल्ट पावणेपाचच्या खाली गेले की ६८०० घराण्यातल्या चिपा भरवशाच्या राहत नाहीत. उण्या व्होल्टेजकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, पण अंकांचं ध्वनीत रूपांतर करणाऱ्या १४०८ या चिपला ते लागतंच. ते गेलं की बाकी सगळं ठणठणीत असूनही मशीन मुकं होतं.

व्होल्टेज सगळे बरोबर आहेत. आता बोर्ड खराब समजायचा का?

थांबा. विल्यम्सच्या साउंड बोर्डावर एक छोटं बटण असतं, चाचणीसाठी ठेवलेलं. मशीन चालू असताना ते दाबलं की बोर्ड स्वतःहून आवाज काढून दाखवतो. हे बटण म्हणजे या मशीनांच्या रचनाकारांनी पुढच्या दुरुस्तांना दिलेली भेटच.

बटण दाबल्यावर आवाज आला, तर साउंड बोर्ड, अँप्लिफायर, खुंटी आणि स्पीकर हा सगळा भाग एका फटक्यात निर्दोष ठरला. बिघाड मुख्य बोर्डाकडून येणाऱ्या हुकमांमध्ये आहे, त्याबद्दल पुढच्या प्रश्नात सांगते. काहीच आलं नाही, तर दोष याच बोर्डावर आहे.

तेव्हा ६८०२ या प्रोसेसरकडे लॉजिक प्रोब (चिपच्या पायावरचा सिग्नल वर आहे की खाली ते दाखवणारी सळई) न्या. ४० क्रमांकाच्या पायावर रिसेट असतो, तो चालू झाल्यावर वर गेला पाहिजे. ३७व्या पायावर घड्याळाचे ठोके दिसले पाहिजेत. बोर्डावरचा क्रिस्टल ३.५८ मेगाहर्ट्‌झचा असतो आणि प्रोसेसर त्याला चाराने भागतो, म्हणजे ठोके ९ लाखांच्या जरासे खाली येतात. हे दोन्ही ठीक असेल तर चिपांचे जुने सॉकेट संशयित. त्यांची पकड जाते आणि पाय काळे पडतात. मशीन बंद करून आवाजाचा प्रोग्रॅम असलेली चिप हळूच उचला, पाय स्वच्छ करा आणि परत दाबून बसवा. दिशा बदलू नका, एका टोकाच्या खाचेचा आधीच फोटो काढून ठेवा. यानेच आवाज परत आला तर खूश होऊन थांबू नका. तो सॉकेट बदलायला झालाय, हे मशीनने तुम्हाला सांगितलं आहे.

काही आवाज येतात, काही येत नाहीत. भलत्याच वेळी भलताच आवाज येतो.

हा बिघाड समजून घेण्यासारखा आहे, म्हणून थोडं सविस्तर.

विल्यम्सच्या ‘गॉर्गार’ आणि ‘फायरपॉवर’च्या पिढीत मुख्य बोर्ड साउंड बोर्डाला हुकूम देतो तो पाच तारांवरून. कोणत्या तारा चालू आणि कोणत्या बंद, यावरून आवाजाचा क्रमांक ठरतो. तारांची किंमत १, २, ४, ८ आणि १६. तेरा नंबरचा आवाज हवा असेल तर ८, ४ आणि १ या तारा हलतात. आता ४ची तार कुठेतरी तुटली असं समजा. मागितला तेरा, वाजला नऊ. बारा मागितला तर आठ. ज्या ज्या हुकमात ४ आहे तो चारने कमी होतो, आणि दोन वेगळ्या प्रसंगांना एकच आवाज येऊ लागतो. उलट, तीच तार कायमची चालू अडकली तर नऊ मागितल्यावर तेरा येतो. आवाजांची सरमिसळ अशी विशिष्ट नमुन्यात होत असेल, तर दोष आवाजाच्या चिपमध्ये शोधण्यात वेळ घालवू नका. एक तार शोधा.

त्या पिढीत या पाच तारांना सोलेनॉइडचेच (दांडा उडवणाऱ्या कॉइलचेच) ट्रान्झिस्टर दिलेले आहेत, ९ ते १३ क्रमांकांचे. त्यामुळे नाण्याच्या दाराआडच्या बटणांनी सोलेनॉइड टेस्ट लावली की ९ ते १३ क्रमांकांना कॉइल खटखटत नाही, त्याऐवजी आवाज निघतात. पाचपैकी कोणत्या क्रमांकाला शांतता आहे, ते लिहून ठेवा. तीच तुमची तार.

मग तिचा माग काढत चला. मशीन बंद करून त्या क्रमांकाचा ट्रान्झिस्टर शेजारच्या चांगल्या ट्रान्झिस्टरशी मीटरवर ताडून पाहा. आकडे जुळत असतील तर साउंड बोर्डाचा कनेक्टर पाहा. आणि त्या काळच्या विल्यम्समध्ये मुख्य बोर्ड आणि त्याखालचा ड्रायव्हर बोर्ड यांना जोडणारी चाळीस पिनांची एक लांब रांग असते. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी तिच्या सोल्डरला गोल भेगा पडतात. भिंग घेऊन पाहिल्याशिवाय त्या दिसत नाहीत. पुन्हा सोल्डर केलं तर काही काळ भागतं, पण दोन्ही बाजूंच्या पिना आणि खोबणी नव्या बसवणं हेच खरं काम. मी ते एकदा केलं आणि आवाजासोबत दोन दिवे आणि एक हट्टी बंपरही सुधारला.

मुख्य बोर्डावर पेन्सिल सेल बसवलेले असतील तर तेही बघा. ते गळले की खालच्या चिपांचे पाय आणि तांब्याच्या रेषा हिरव्या होतात. बॅलीमध्ये रिचार्ज होणारी बॅटरी बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिचीही तीच गत. गळती असेल तर आवाज हे फक्त पहिलं लक्षण आहे.

स्पीकरमधून सतत ‘घुं’ येतो.

आवाजाची खुंटी पूर्ण कमी करा. घुं कमी झाला तर तो बहुतेक वेळा खुंटीच्या आधीच्या भागातून येतोय. तितकाच राहिला तर अँप्लिफायर किंवा वीजपुरवठा.

आता कान लावा. अमेरिकेत घरची वीज सेकंदाला ६० वेळा हेलकावते. ती दोन्ही बाजूंनी सरळ केली की उरलेला चढउतार १२० होतो. मोठे गोल कपॅसिटर म्हातारे झाले की हा १२०चा घुं बाहेर पडतो. वीज सरळ करणाऱ्या चार डायोडांपैकी एक गेला असेल किंवा जमिनीची जोडणी बिघडली असेल तर ६०चा, म्हणजे बरोबर एक सप्तक खालचा. तानपुरा जुळवणाऱ्या कानाला हा फरक क्षणात कळतो. फोनवरचं सूर जुळवायचं अ‍ॅपही चालतं, ६० आणि १२० हे दोन्ही बी या स्वराच्या जवळ येतात, फक्त सप्तक वेगळं.

५ व्होल्टच्या रेषेवर मीटर एसीला लावून पाहा. ०.१ व्होल्टपेक्षा बराच जास्त आकडा दिसला तर गाळणी कमी पडते आहे. नवा कपॅसिटर घालताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि अधिक-उणे दहा वेळा तपासून. उलटा बसलेला मोठा कपॅसिटर फुटतो.

फ्लिपर मारला किंवा दिवे बदलले की चरचर येते.

जमिनीची जोडणी सैल. विल्यम्सच्या बोर्डांची जमीन बरीचशी त्यांना धरणाऱ्या स्क्रूंमधून मागच्या धातूच्या पत्र्यावर जाते. कुणी बोर्ड काढून बसवताना चारपैकी दोनच स्क्रू लावले की हा त्रास सुरू. सगळे स्क्रू लावा, पत्रा घासून चमकवा, आणि वरच्या पेटीपासून कॅबिनेटपर्यंत जाणारी विणलेल्या तारेची पट्टी घट्ट आहे ना पाहा.

खुंटी फिरवताना खरखर होते.

मशीन बंद करा, खुंटीच्या पोटात इलेक्ट्रॉनिक संपर्कांसाठीचं क्लीनर मारा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-पंधरा वेळा फिरवा. दारं-बिजागऱ्यांचा तेलकट फवारा नको. तो धूळ धरून ठेवतो.

मोठ्या आवाजाला फाटल्यासारखं ऐकू येतं.

दोन शक्यता. एक, स्पीकरचा कागद फाटला आहे, किंवा आतली कॉइल घासते आहे. दोन्ही हातांच्या बोटांनी कागद सारखा दाब देऊन हलकेच आत-बाहेर करा. खर्र असं जाणवलं तर कॉइल घासते आहे, स्पीकर बदला. नुसती चीर असेल तर पातळ टिश्यू पेपरचा तुकडा आणि पाणी घातलेला पांढरा डिंक यांनी ती सांधता येते, आणि तो सांधा वर्षानुवर्षं टिकतो. बदलायचाच असेल तर ओहम तेच ठेवा. आठच्या जागी चारचा लावला तर अँप्लिफायरवर ताण येतो.

दुसरी शक्यता कमी आवाजालाही फाटकं ऐकू येत असेल तेव्हाची. तेव्हा १४०८ चिपकडे जाणाऱ्या आठ रेषांपैकी एखादी तुटलेली असू शकते, किंवा अँप्लिफायरची टीडीए २००२ चिप थकलेली असते. ती स्वस्त आहे आणि बदलायला सोपी. तिच्या पाठीशी उष्णता काढणारा पत्रा नीट आवळा.

आवाज येतात, पण मशीन बोलत नाही. किंवा बोलतं ते घोगरं, तुटक.

इथे कोणत्या कंपनीचं मशीन आहे, त्यावर सगळं अवलंबून आहे. त्या काळात तिघांनीही बोलणं वेगवेगळ्या वाटेने साधलं होतं, आणि मला या जुन्या आवाजांबद्दल जी ओढ आहे ती बरीचशी यामुळेच.

विल्यम्सने खरा माणसाचा आवाज घेतला आणि तो एकेका बिटने साठवला. प्रत्येक बिट फक्त एवढंच सांगतो की लाट आता वर जाते आहे की खाली. ५५५१६ ही चिप त्या चढ-उतारांतून लाट पुन्हा उभी करते. बोलण्याचा बोर्ड वेगळा असतो आणि साउंड बोर्डाला चपट्या रिबन केबलने जोडलेला असतो. ती केबल काढून, संपर्क पुसून, परत लावली की निम्मी मुकी मशीनं बोलू लागतात. एखादाच शब्द गायब असेल तर तो शब्द असलेली मेमरी चिप किंवा तिचा सॉकेट. सगळेच शब्द नुसत्या खरखरीसारखे येत असतील तर ५५५१६.

बॅलीने पहिलं बोलकं मशीन ‘झेनॉन’ १९८० साली आणलं. त्यातला आवाज आणि संगीत इलेक्ट्रॉनिक संगीतकार सुझान चियानी यांचं. पुढच्या वर्षी आलेल्या ‘स्क्वॉक अँड टॉक’ बोर्डावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस ५२०० चिप आहे. १९७८च्या ‘स्पीक अँड स्पेल’ या खेळण्यातल्या चिपचीच ती बहीण. ती लाट साठवत नाही. घसा आणि तोंड यांचा आकार क्षणाक्षणाला कसा बदलतो, त्याचं गणित साठवते. तिला उणे ५ व्होल्टही लागतात. बोलणं गेलं असेल तर आधी तेच मोजा. ‘एट बॉल डिलक्स’ याच बोर्डावर बोलतं.

गॉटलिबने तिसरी वाट धरली. १९८१च्या ‘मार्स गॉड ऑफ वॉर’ आणि ‘ब्लॅक होल’मध्ये व्होट्रॅक्स एससी-०१ चिप आहे. तिच्यात चौसष्ट ध्वनिखंड आहेत, बाराखडीसारखे. ते एकापुढे एक लावून शब्द बनतो. तिच्या घड्याळाचा वेग बदलला की आख्खा आवाज जाडा किंवा बारीक होतो. त्यामुळे बोलणं स्पष्ट आहे पण पट्टी बदलली आहे, असं असेल तर चिपला दोष देण्याआधी तिच्या घड्याळाभोवतीचे रेझिस्टर आणि कपॅसिटर तपासा.

एक सावधगिरी. ही सगळी बोलणी आजच्या कानाला मुळातच घोगरी वाटतात. दुरुस्तीला लागण्याआधी त्याच मॉडेलच्या चांगल्या मशीनचं रेकॉर्डिंग ऐका.

एकच आवाज सतत चालू राहतो.

आधी तो तसाच असायला हवा का, ते पाहा. ‘फ्लॅश’नंतरच्या मशीनमध्ये खेळ चालू असताना मागचा आवाज सतत असतो आणि चढत जातो, तो बिघाड नाही. खेळ संपल्यावरही थांबत नसेल तर मशीन बंद करून साउंड बोर्डाचा हुकमांचा कनेक्टर काढा आणि मग चालू करा. शांत झालं तर वरच्या पाचपैकी एखादी तार अडकली आहे. तरीही चालूच राहिलं तर साउंड बोर्डावरची हुकूम घेणारी ६८२१ चिप किंवा प्रोसेसर.

पहिला अर्धा तास ठीक, मग आवाज जातो.

गरम झाल्यावर पसरणारी सोल्डरची भेग. मशीन चालू असताना लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या काडीने कनेक्टरांच्या पिना एकेक करून हलकेच ढकला. ज्या जागी आवाज परत येतो तिथे सोल्डर करा.

सगळे कपॅसिटर एकदम बदलून टाकू का?

साउंड बोर्डावरचे मोठे गाळणीचे कपॅसिटर बदला. त्यांचं वय आता चाळिशीच्या पुढे आहे आणि ते एवढ्या काळासाठी बनवलेलेच नव्हते. पण बिघाड शोधायच्या आधी बदलू नका. एका बैठकीत तीस जागी सोल्डर केलं आणि मशीन तरीही मुकं राहिलं, तर आता बिघाड जुना की तुमच्या हातचा, हे कळायचा मार्ग उरत नाही. आधी निदान, मग एक बदल, मग चाचणी.

आता नवे तयार साउंड बोर्ड मिळतात. तोच का लावू नये?

लावता येतो, आणि जुना बोर्ड गळलेल्या बॅटरीने खाल्ला असेल तर तोच शहाणपणा. मी मात्र शक्य तोवर जुना बोर्ड दुरुस्त करते. त्या १४०८ चिपचा आणि त्या अँप्लिफायरचा मिळून एक खास भरडेपणा आहे, आणि माझ्यासाठी मशीनचा आवाज म्हणजे तोच. नवा लावलाच तर जुना फेकू नका. कोणत्या मशीनचा आणि काय बिघाड होता, ते चिठ्ठीवर लिहून त्यासोबत पिशवीत ठेवा.

मशीन पुण्याला घेऊन जायचं आहे. तिथल्या विजेवर आवाज बदलेल का?

आधी ट्रान्सफॉर्मर पाहा. बऱ्याच मशीनांमध्ये २३० व्होल्टसाठी वेगळी टोकं दिलेली असतात, मॅन्युअलमधल्या आकृतीप्रमाणे तारा हलवाव्या लागतात. नसतील तर योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावा. ५० हर्ट्‌झवर मूळ ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त गरम होतो, त्याच्याभोवती हवा खेळती ठेवा.

इलेक्ट्रॉनिक मशीनचा सूर बदलत नाही, कारण तो क्रिस्टलवरून ठरतो. बदलेल तो घुं. तो असेलच तर १२०ऐवजी १००चा होईल.

चाइमच्या जुन्या यांत्रिक मशीनमध्ये मात्र फरक कानाला कळेल. पाचशे गुण मिळाले की स्कोअर मोटर फिरते आणि शंभराचा चाइम पाच वेळा वाजवते. त्या मोटरचा वेग विजेच्या हेलकाव्यांवर चालतो, त्यामुळे ती सुमारे सहाव्या हिश्शाने मंदावते आणि पाच ठोक्यांची लय संथ होते. पट्ट्यांचा स्वर तोच राहतो.

दुरुस्ताकडे द्यायचं ठरवलं. त्याला काय सांगू?

‘आवाज येत नाही’ एवढंच सांगू नका. बिघाड होत असतानाचा फोनवरचा व्हिडिओ द्या, आणि सोबत हे लिहून द्या: मशीनचं नाव आणि वर्ष, चालू केल्यापासून किती वेळाने बिघाड होतो, खुंटी फिरवल्यावर घुं कमी होतो का, बोर्डावरचं चाचणीचं बटण दाबल्यावर काय ऐकू येतं, सोलेनॉइड टेस्टमध्ये ९ ते १३पैकी कोणते क्रमांक गप्प आहेत. बोर्ड टपालाने पाठवणार असाल तर सेल आधी काढा, बोर्ड स्थिर वीज न धरणाऱ्या पिशवीत घाला, आणि प्रत्येक कनेक्टर काढण्यापूर्वी त्याचा फोटो काढून त्यावर कागदी चिकटपट्टीने क्रमांक लिहा. सारख्याच आकाराचे दोन कनेक्टर शेजारी शेजारी असतात, आणि अदलाबदल झाली तर दुरुस्त होऊन आलेला बोर्ड पहिल्याच मिनिटाला पुन्हा जातो.